११७ वी मराठा पलटण : मेसोपोटेमियातील युद्धसेवा आणि कूतचा वेढा (१९१४–१९१८)

कोल्हापूरच्या नैर्ऋत्येस शाहू छत्रपतींनी वसवलेले राधानगरी सह्याद्रीच्या माथ्याजवळ आहे. तेथून दाजीपूरच्या रानातून जाणारा रस्ता फोंडा घाटाने खाली उतरतो आणि कोकणात शिरतो. घाटाच्या वरचा प्रदेश पहिल्या महायुद्धाच्या काळी कोल्हापूर संस्थानात होता, तर खालच्या प्रदेशाचा मोठा भाग इंग्रजी अमलाखालील रत्नागिरी जिल्ह्यात होता. लष्करी भरतीच्या कागदोपत्री मात्र हे राजकीय भेद गौण होते. तेथे घाटावरचा तो ‘दख्खनी मराठा’ आणि घाटाखालचा तो ‘कोकणी मराठा’, एवढीच विभागणी होती. आणि हे दोघेही एकाच पलटणीत खांद्याला खांदा लावून उभे राहत. अशा पलटणींपैकी ११७ व्या मराठा पलटणीने १९१४ ते १९१८ या काळात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जी सेवा केली तिचे स्वरूप विशद करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या सेवेचा पूर्वार्ध विजयांचा, मध्य वेढ्याचा आणि शेवट बंदिवासाचा आहे. पलटणींचे इतिहास सामान्यतः पहिल्या दोहोंवर थांबतात. तिसऱ्या भागाकडे झालेल्या दुर्लक्षामुळे, आणि वेढ्यातील एका प्रश्नाबाबत दृढ झालेल्या एका समजामुळे, या सेवेचे मूल्यमापन एकांगी राहिले आहे.

१. पलटणीची घडण

ही पलटण १८०० साली ‘बाँबे फेन्सिबल रेजिमेंट’ या नावाने उभी राहिली आणि पुढे मुंबई इलाख्याच्या सैन्यात १७ वी देशी पायदळ पलटण म्हणून गणली जाऊ लागली. १९०३ मध्ये सरसेनापती किचनेर यांच्या पुनर्रचनेत मुंबईच्या पलटणींच्या जुन्या क्रमांकांत शंभर मिळवण्यात आले. त्यामुळे १७ ची ११७ झाली आणि नावात ‘मराठा’ हा शब्द आला. १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ अशा एकूण सहा पलटणी या नावाने ओळखल्या जात.

या नावातील ‘मराठा’ शब्दाचा अर्थ नेमका ध्यानात घेणे अवश्य आहे. तो भाषावाचकही नव्हता आणि प्रदेशवाचकही नव्हता. ती भरतीची एक कोटी होती. या पलटणींत मराठ्यांचे प्राबल्य असले तरी त्यांच्यासमवेत दख्खनी मुसलमानांचीही तुकडी असे. भरती अधिकाऱ्यांसाठी बेथम यांनी लिहिलेली, १९०८ साली प्रसिद्ध झालेली पुस्तिका ‘मराठे आणि दख्खनी मुसलमान’ अशा जोडनावाचीच आहे. उलट, मराठी बोलणारा आणि मुंबईच्या सैन्यात दीर्घ परंपरा असलेला महार समाज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरतीतून वगळण्यात आला होता. महायुद्धात मनुष्यबळाची ओढ लागल्यावर, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभारण्यात आली. म्हणजे ‘मराठा पलटण’ या शब्दयोजनेत काही मराठी भाषकांचा समावेश होता आणि काहींचा अभाव होता. या रचनेचे परिणाम पुढे बंदिवासात प्रकट झाले.

२. फाओ ते टेसिफॉन

तुर्कस्तान युद्धात उतरण्याची चिन्हे दिसताच हिंदुस्थान सरकारने सहावी, म्हणजे पुणे, डिव्हिजन इराणच्या आखाताकडे रवाना केली. तेलवाहिनीचे व आखातातील हितसंबंधांचे रक्षण हा तिचा घोषित उद्देश होता. या डिव्हिजनच्या तीनही ब्रिगेडांत एकेक मराठा पलटण होती : सोळाव्यात ११७ वी, सतराव्यात १०३ री आणि अठराव्यात ११० वी. सोळावी ब्रिगेड सर्वांच्या आधी, ६ नोव्हेंबर १९१४ रोजी, शत्त-अल-अरबच्या मुखाशी फाओ येथे उतरली. साहिल येथील लढाईनंतर २२ नोव्हेंबरला बसरा हाती आले आणि ९ डिसेंबरला टायग्रिस व जुनी युफ्रेटिस यांच्या संगमावरील कुर्ना शरण आले.

पुढच्या वर्षी १२ ते १४ एप्रिल या तीन दिवसांत बसऱ्याच्या नैर्ऋत्येस शैबा येथे निर्णायक झुंज झाली. पुरामुळे बसरा आणि शैबा यांमध्ये मैलोगणती पाणी पसरले होते. कुमक व दारूगोळा ‘बेलम’ नावाच्या अरुंद होड्यांतून न्यावा लागे. उन्हात थरथरणाऱ्या मृगजळामुळे तोफखान्याला नेम धरता येईना. अखेर पायदळाने उघड्या मैदानावरून चालून जाऊन तुर्कांचे खंदक घेतले. या पराभवानंतर तुर्की सेनापती सुलेमान अस्करी याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. ३१ मे रोजी कुर्न्याच्या उत्तरेस होड्यांतून हल्ला करण्यात आला. त्यात १०३ री मराठा पलटण अग्रभागी होती. ३ जूनला अमारा पडले आणि २८ सप्टेंबरला कूत-अल-अमारा येथील पक्क्या मोर्च्यांतून तुर्कांना मागे हटावे लागले.

येथवर ही मोहीम यशाची होती. परंतु प्रत्येक यशाने सैन्य तळापासून अधिक दूर जात होते. बसऱ्यापासून वरचा सर्व पुरवठा नदीवर अवलंबून होता, आणि नदीत चालणाऱ्या उथळ तळाच्या आगबोटी पुरेशा नव्हत्या. डिव्हिजनचे सेनापती चार्ल्स टाउनशेंड यांनी या अडचणी मांडल्या होत्या. तरीही बगदाद घेण्याचा मोह वरिष्ठांना आवरला नाही. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादपासून अवघ्या काही कोसांवर टेसिफॉन येथे लढाई झाली. तिन्ही मराठा पलटणी तीत होत्या. पहिल्या फळीचे खंदक घेतले गेले, परंतु सुमारे ४,६०० माणसे जखमी वा ठार झाली, आणि ती उणीव भरून काढण्यास मागे राखीव दल नव्हते. जखमींना झऱ्यांच्या गाड्यांऐवजी, स्प्रिंग नसलेल्या सामानाच्या गाड्यांतून नदीपर्यंत आणावे लागले. तेथून माघार सुरू झाली आणि ३ डिसेंबर रोजी थकलेले सैन्य कूतमध्ये परतले.

३. वेढा

कूत हे टायग्रिसच्या एका नालाकृती वळणात वसलेले गाव आहे. तीन बाजूंना नदी आणि चौथ्या बाजूस मैदान, अशी त्याची रचना आहे. संरक्षणास ती सोयीची, तशीच कोंडी होण्यासही सोयीची होती. ७ डिसेंबरपर्यंत वेढा पूर्ण झाला. आत सैनिक, सुमारे साडेतीन हजार बाजारबुणगे व नोकरचाकर, आणि गावातील सुमारे सहा हजार रहिवासी होते. टाउनशेंड यांनी १८९५ मध्ये चित्रळचा वेढा यशस्वीपणे झेलला होता, त्यामुळे येथेही लवकरच सुटका होईल असा विश्वास प्रारंभी होता.

वेढ्यातील सर्वांत मोठा प्रत्यक्ष हल्ला २४ डिसेंबरला ईशान्य कोपऱ्यावरील मातीच्या किल्ल्यावर झाला. तोफांनी भिंती पाडून तुर्क आत घुसले. १०३ री मराठा, ११९ वी पायदळ आणि ऑक्सफर्डशायर पलटण यांनी हातघाईने त्यांना परतवले. त्यानंतर तुर्कांनी मोठे हल्ले थांबवले आणि उपासमारीवर भिस्त ठेवली. ११७ व्या पलटणीच्या वाट्याला त्यापुढे जे आले ते बव्हंशी नित्याचे काम होते : खंदक खणणे, पूर आल्यावर बांध घालणे, रात्रीचा पहारा, आणि दिवसा नेमबाजांपासून डोके वाचवणे. वेढ्याच्या १४७ दिवसांत शत्रूच्या माऱ्याने १,०२५ सैनिक दगावले, ७२१ रोगाने गेले आणि १,९५८ जखमी झाले. रोगाने मेलेल्यांचा आकडा शस्त्राने मेलेल्यांच्या जवळ येतो, ही गोष्ट या वेढ्याचे स्वरूप स्पष्ट करते.

बाहेरून सुटकेचे प्रयत्न होत होते. जानेवारी १९१६ मध्ये शेख साद, वादी आणि हन्ना येथे, ८ मार्चला दुजैला येथे आणि एप्रिलमध्ये सन्नायत येथे लढाया झाल्या. आतील सुमारे तेरा हजारांना सोडवण्यासाठी बाहेर सुमारे तेवीस हजार माणसे ठार वा जखमी झाली, पण सुटकेचे सैन्य कूतपर्यंत पोहोचू शकले नाही. १५ एप्रिलपासून विमानांतून धान्याची पोती टाकण्यात आली. वेढ्यातील सैन्यास आकाशमार्गे अन्न पुरवण्याचा हा जगातील पहिला मोठा प्रयत्न होय. मात्र तेव्हाच्या विमानांची वाहून नेण्याची शक्ती अल्प होती, आणि काही पोती नदीत वा तुर्कांच्या खंदकांत पडली. २४ एप्रिलच्या रात्री निघालेली ‘जुलनार’ ही धान्याने भरलेली आगबोट वाटेतच तुर्कांच्या हाती पडली. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत शरण आले.

४. अन्नाचा प्रश्न

कूतविषयक लेखनात एक विधान वारंवार आढळते. हिंदी शिपायांनी घोड्याचे मांस खाण्यास नकार दिला, त्यामुळे धान्य लवकर संपले आणि शरणागती ओढवली, असे ते विधान आहे. टाउनशेंड यांनीही आपल्या समर्थनात या नकारास महत्त्व दिले आहे. हे विधान तपासून पाहणे आवश्यक आहे, कारण त्यात मराठा पलटणींवरही दोष येतो.

वस्तुस्थिती अशी : जानेवारी १९१६ च्या अखेरीपासून घोडे व खेचरे मारून त्यांचे मांस देण्यास प्रारंभ झाला. गोऱ्या सैनिकांनी ते स्वीकारले. हिंदी शिपायांनी, हिंदूंनी तसेच मुसलमानांनी, ते बहुतांशी नाकारले. हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांची संमती तारेने मागवण्यात आली आणि ती मिळालीही. तरी नकार कायम राहिला. शिपायांचे म्हणणे असे होते की, धर्माधिकाऱ्याने दूरवरून दिलेली मोकळीक गावात चालत नाही. उद्या परत गेल्यावर गाव पंक्तीस घेणार नाही आणि मुलींची लग्ने होणार नाहीत. या युक्तिवादाकडे केवळ अंधश्रद्धा म्हणून पाहणे योग्य होणार नाही. शिपायाच्या दृष्टीने पलटण हे काही वर्षांचे आणि गाव हे जन्माचे होते. कोणते प्रायश्चित्त पुरेसे हे ठरवण्याचा अधिकार व्यवहारात जातपंचायतीकडे होता. कोणा दूरच्या पीठाकडे तो नव्हता. त्या काळच्या ग्रामव्यवस्थेचे हे बरोबर आकलन होते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, कडक आज्ञा सुटल्यावर आणि उपासमार असह्य झाल्यावर, बहुसंख्य शिपायांनी मांस घेण्यास सुरुवात केली. तोवर स्कर्व्ही व आमांश यांनी त्यांना पोखरले होते. या नकाराची पहिली आणि सर्वांत जड किंमत त्यांनी स्वतः मोजली. मैदानात उगवणारा पाला भाजी म्हणून शिजवला जाई. त्यात विषारी वनस्पतीही येत. सतराव्या ब्रिगेडचे सेनापती हॉटन हे अशाच पाल्याच्या सेवनाने एप्रिलमध्ये मरण पावले.

आता नकार आणि शरणागती यांचा कार्यकारणभाव पाहू. येथे तीन गोष्टी विचारात घेतल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट धान्याच्या मोजणीची. वेढ्याच्या प्रारंभी टाउनशेंड यांनी शिलकीचा जो अंदाज कळवला तो फार कमी होता. त्यामुळे सुटकेच्या सैन्याला अपुऱ्या तयारीनिशी, तुकड्यातुकड्यांनी, जानेवारीतच पुढे ढकलण्यात आले. पुढे गावातील घरांची झडती घेतल्यावर लपवलेला जव सापडला, आणि २५ जानेवारीच्या सुमारास आणखी ८४ दिवस टिकाव धरता येईल असे कळवण्यात आले. ही मोजणी डिसेंबरात झाली असती तर सुटकेची आखणी निराळी झाली असती.

दुसरी गोष्ट कालगणनेची. २५ जानेवारीपासून ८४ दिवस मोजले असता १८ एप्रिल ही तारीख येते. कूत शरण आले २९ एप्रिलला. म्हणजे शिधा पुन्हा पुन्हा कापून सैन्याने अंदाजापेक्षाही अधिक दिवस काढले. नकारामुळे कूत ठरलेल्या वेळेआधी पडले, असे या तारखांवरून म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट बाहेरील परिस्थितीची. सर्व शिपायांनी जानेवारीपासूनच मांस घेतले असते तर जव काही आठवडे अधिक पुरला असता, हे मान्य केले पाहिजे. प्रश्न असा की, त्या आठवड्यांत काय घडले असते? सन्नायतचा शेवटचा हल्ला २२ एप्रिलला फसला होता आणि सुटकेचे सैन्य खचले होते. कूत पुन्हा इंग्रजांच्या हाती आले ते फेब्रुवारी १९१७ मध्ये, म्हणजे दहा महिन्यांनंतर. तेही जनरल मॉड यांनी आगबोटी, रेल्वे आणि दवाखाने यांची नव्याने व्यवस्था केल्यावर. मे महिन्यातील दोन-तीन आठवड्यांनी हे अंतर भरून निघण्यासारखे नव्हते. सारांश, शिपायांच्या नकाराने वेढ्यातील हाल वाढले, पण वेढ्याचा निकाल त्याने बदलला नाही. तो निकाल टेसिफॉनला जाण्याच्या निर्णयात, आगबोटींच्या तुटवड्यात आणि पहिल्या चुकीच्या मोजणीत ठरून गेला होता.

५. बंदिवास

शरणागतीच्या वेळी सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या ताब्यात गेली. त्यांपैकी सुमारे अकराशे आजारी व जखमी अदलाबदलीत परत मिळाले. उरलेल्यांना कूतपासून जवळच असलेल्या शमरान येथे नेण्यात आले. तेथे दीर्घ उपासानंतर कडक बिस्किटे खाण्यास मिळाल्याने अनेकजण आतड्यांच्या विकाराने मेले. अधिकारी शिपायांपासून वेगळे काढण्यात आले. टाउनशेंड यांना कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर सन्मानाने ठेवण्यात आले. शिपाई मात्र बगदादपर्यंत पायी, तेथून समारापर्यंत आगगाडीने, आणि पुढे तिक्रित, मोसूल, निसिबिन या मार्गाने वाळवंट तुडवत रास-अल-ऐन येथे पोहोचले. तेथे बगदाद रेल्वेच्या बांधकामावर त्यांना राबवण्यात आले. हिंदी कैद्यांची संख्या सुमारे ९,३०० होती; त्यांतील सुमारे २,५०० जण बंदिवासात मेले. गोऱ्या शिपायांतील मृत्यूचे प्रमाण याहून पुष्कळ अधिक, निम्म्याच्याही वर होते.

भरतीच्या ज्या रचनेचा वर उल्लेख आला ती येथे उलगडली. तुर्की अधिकाऱ्यांनी मुसलमान कैद्यांना इतरांपासून वेगळे केले आणि खलिफाच्या बाजूने वळवण्याचा प्रयत्न केला. आदल्या दिवसापर्यंत एकाच खंदकात असलेले मराठे आणि दख्खनी मुसलमान अशा रीतीने दोन छावण्यांत गेले. पलटण हे एकक शस्त्रांबरोबरच कूत येथे विसर्जित झाले.

या काळाचे ज्ञान कोणत्या साधनांतून होते, हाही विचारणीय प्रश्न आहे. कूतविषयीचे उपलब्ध साहित्य मुख्यतः इंग्रज अधिकाऱ्यांच्या रोजनिशा, आठवणी आणि सरकारी इतिहास यांचे आहे. त्यांत मराठा शिपाई ‘शूर’, ‘काटक’ अशा विशेषणांनी येतो, पण स्वतः क्वचितच बोलतो. बंगाली भाषेला या बाबतीत एक वेगळे भाग्य लाभले. बंगाल अँब्युलन्स कोरमधून गेलेले आणि कूत व रास-अल-ऐन भोगलेले शिशिर सर्वाधिकारी यांनी ‘अभि ले बगदाद’ हा आठवणींचा ग्रंथ बंगालीत लिहिला. कूतमधील बंगाली स्वयंसेवक मोजके होते. मराठा पलटणी तीन होत्या. संख्येचा आणि साक्षीचा असा व्यस्त संबंध असण्याचे कारण साक्षरतेत शोधावे लागते. बंगाली स्वयंसेवक सुशिक्षित वर्गातून आले होते, तर मराठा शिपाई शेतकरी घरांतून आले होते.

६. सेवेची नोंद

कूतच्या पराभवाचे पडसाद दूरवर उमटले. चौकशीसाठी नेमलेल्या मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल जून १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याने दोष हिंदुस्थान सरकारवर आणि मोहिमेचे सूत्रधार जनरल निक्सन यांच्यावर ठेवला. भारतमंत्री चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी माँटेग्यू आले आणि २० ऑगस्ट १९१७ रोजी त्यांनी हिंदुस्थानास क्रमाक्रमाने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. त्या घोषणेमागे इतरही कारणे होती. तथापि तिच्या घडणीत कूतचा वाटा आहे.

पलटणीची मेसोपोटेमियातील कामगिरी विशेष मानून १९२१ साली ११७ व्या पलटणीस ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. १९२२ मध्ये सहाही मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री ही रेजिमेंट करण्यात आली. तीत ही पलटण पाचवी ‘रॉयल’ बटालियन झाली. बेळगाव हे या रेजिमेंटचे केंद्र ठरले आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आजही तेथेच आहे.

पलटणीच्या युद्धसन्मानांत कूतचे नाव दोनदा येते : ‘कूत-अल-अमारा १९१५’ आणि ‘कूत-अल-अमाराचे संरक्षण’. पहिला सन्मान विजयाचा आहे, दुसरा पराभवात संपलेल्या वेढ्याचा आहे. सैनिकी परिभाषेत चढाईला शब्द आहे आणि टिकाव धरण्यालाही शब्द आहे. शमरानपासून रास-अल-ऐनपर्यंतच्या वाटेला मात्र कोणताही सन्मान नाही, कारण त्या वाटेवर पलटण नव्हती. सुटी माणसे होती.

हीच उणीव स्मारकांतही दिसते. बसरा येथील युद्धस्मारक १९१४ ते १९२१ या काळात मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांच्या दफनाची जागा ज्ञात नाही अशा चाळीस हजारांहून अधिक माणसांचे आहे. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. हिंदी सैन्यातील अधिकाऱ्यांची नावे आहेत. हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार आकडा आहे. महाराष्ट्रातील अनेक गावांत महायुद्धानंतर ज्या संगमरवरी पाट्या बसवल्या गेल्या त्यांवरही या गावातून किती माणसे युद्धावर गेली आणि त्यांपैकी किती मेली, एवढेच सांगितलेले असते. कॉमनवेल्थ युद्धस्मशान आयोगाने २०२१ च्या अहवालात अशा असमान स्मरणाची कबुली दिली आहे.

तेव्हा ११७ व्या पलटणीची सेवा समजून घेण्यासाठी युद्धसन्मानांची यादी पुरेशी नाही. बसऱ्यावरील आकडा आणि गावातील पाटीवरचा आकडा ही एकाच गोष्टीची दोन टोके आहेत. त्यांच्यामधली नावे मिळवायची असतील तर मृतांच्या नामावल्या, निवृत्तिवेतनाची दप्तरे आणि घाटावरच्या व घाटाखालच्या गावांतील कौटुंबिक कागदपत्रे यांचा मेळ घालावा लागेल. हे काम जिल्हावार, किंबहुना तालुकावार, करता येण्यासारखे आहे. मराठी कागद वाचणाऱ्या अभ्यासकांखेरीज दुसऱ्या कोणाकडून ते होण्याचा संभव नाही.